अंदाज

पन्नाशी उलटल्यावर नव्या विद्येच्या नादीं लागूं नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. तीर्थयात्रा कराव्या, नातवंडें खेळवावीं, फार तर अंगणांत चार गुलाब लावावे. परंतु पिठाचा गोळा पुढ्यांत घेऊन 'हा कां बरें फुगत नाहीं?' असा प्रश्न विचारूं नये. विचारणारी बाई असेल तर मुळींच विचारूं नये. कारण पिठाविषयींचें सर्व ज्ञान बाईला उपजतच असतें, अशी समाजाची खात्री आहे. मी हिंगोली जिल्ह्यांतल्या एका महाविद्यालयांत जवळजवळ तीस वर्षें इंग्रजी शिकवीत आहें, आणि गेल्या दीड वर्षापासून घरीं पाव, नानकटाई व बिनअंड्याचा केक करावयास शिकत आहें. पहिल्या गोष्टीचें कोणालाहि नवल वाटत नाहीं. दुसरीचें अद्याप ओसरलेलें नाहीं.

ही विद्या इतक्या उशिरां कां, हें सांगावयाचें तर आईची हकीकत सांगितली पाहिजे. तिचा जन्म निजामाच्या राज्यांतला, १९४० सालचा. आमचा हा मुलूख त्या वेळीं परभणी जिल्ह्यांत मोडत असे; हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं. निजामी अमलांत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें तें देखील उर्दू माध्यमाचेंच. खेड्यांतल्या मराठी मुलीला शाळा ही ऐकीव गोष्ट होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य संपलें तेव्हां आई आठ वर्षांची होती. पुढें गांवांत शाळा आली, आई तींत बसलीहि, आणि चौथी होते न होते तोंच तिची रवानगी चुलीपुढें झाली. याबद्दल ती कधीं कांहीं बोलली नाहीं. मात्र लहानपणीं मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं घुटमळूं लागलें कीं ती म्हणे, "इथं काय करायलीस? तू पुस्तक घे बाई." मीं पुस्तक घेतलें. सहा माणसांच्या भाकरी ती एकटी थापीत राहिली, आणि मी बी. ए., एम. ए. होत गेलें. माझ्या पदव्यांचा हिशेब कोणी मांडलाच, तर त्यांत त्या भाकरीहि धराव्या लागतील.

आतां आई पंच्याऐंशीच्या घरांत आहे. दांत गेले, हाताला कंप आहे, भाकरी चावत नाहीं. दुधांत कुस्करलेल्या पोळीचा तिला वीट आला होता. तेव्हां घरींच मऊ पाव करून पाहावा, असें माझ्या मनानें घेतलें. याला आणखीहि एक कारण होतें. पुरणपोळी शिकावयास बसलें असतें तर पाठीमागें आई, नणंद आणि शेजारच्या दोन काकू परीक्षकासारख्या उभ्या राहिल्या असत्या. पावाची विद्या अशी होती कीं तींत घरांतलें कोणीच माझ्यापुढें नव्हतें.

इंग्रजी शिकविणाऱ्या बाईला या खटाटोपांत एक आडवाटेची गंमतहि सांपडते. 'लेडी' या शब्दाचें मूळ जुन्या इंग्रजींत 'पाव मळणारी' असें आहे, आणि 'लॉर्ड' म्हणजे 'पाव राखणारा'. हें मी वर्गांत कित्येक वर्षें सांगत आलें. एके दिवशीं मळतां मळतां आईलाहि सांगितलें. ती क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे मळायचं बाईनं आन्‌ राखायचं बाप्यानं. त्यांच्यातबी तसंच व्हय?" तीस वर्षांत एकाहि विद्यार्थ्यानें या व्युत्पत्तीवर इतकें नेमकें भाष्य केलेलें नाहीं.

मराठींत या क्रियेला स्वतंत्र शब्द नाहीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पापड आपण भाजतों, वांगें भाजतों, भाकरी भाजतों, आणि पाव व केकहि भाजतोंच. कारण उघड आहे. आपल्या स्वयंपाकांत विस्तव खालीं असतो आणि हात वर. तवा असो, कढई असो, पदार्थ डोळ्यांसमोर असतो. करपूं लागला तर उलटावा, कच्चा असेल तर दाबावा. मोदक, पानगी झांकणाखालीं शिजतात खऱ्या, पण तेथें वाफेचा कारभार. वाफ १०० अंशांच्या वर फारशी जात नाहीं, म्हणून उकडलेला पदार्थ कितीहि वेळ ठेवला तरी पांढराच राहतो. पिठावर तांबूस रंग चढावयास सुमारें १४० अंशांच्या पुढची कोरडी आंच लागते. ती आंच बंद भट्टींत चारी बाजूंनीं मिळते, आणि एकदां दार लागलें कीं तुमच्या हाताचें काम संपतें. केकमधल्या पिठाचा व दुधादह्याचा सांगाडा घट्ट होण्याआधीं उत्सुकतेनें दार उघडलें, तर आंतली हवा आकसते आणि मध्यभागीं खड्डा पडतो. ज्या बायकांचा सारा जन्म झांकण उघडून पाहण्यांत गेला, त्यांना ही बंदी केवढी कठीण!

पावाशीं आपलें वैरहि जुनें. शब्द पोर्तुगीज, पदार्थहि त्यांच्याच बरोबर आलेला. गोव्यांत ताडामाडाच्या सुरेनें पीठ आंबवीत. विहिरींत पाव टाकून गांवेंच्या गांवें बाटविल्याच्या गोष्टी वसईकडे नि कोंकणांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पुण्यास १८९० सालीं पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून केवढें काहूर उठलें, आणि रानडे-टिळकांसारख्यांपुढेंहि प्रायश्चित्ताचा प्रश्न कसा येऊन उभा राहिला, तें सर्वांना ठाऊक आहे. आईचा आक्षेप मात्र धर्माचा नव्हता. "कशात भिजवलं, कधी भिजवलं, कुणी पाहिलं?" एवढेंच ती विचारी. नानकटाईला तिची हरकत नसे, कारण तिचें पीठ घरचें असे. उन्हाळ्याच्या सुटींत मैदा, साखर आणि तूप डब्यांत भरून बायका भट्टीवर जात. कारागीर त्यांच्यासमोर तूप-साखर फेसून पांढरीशुभ्र करी, गोळे वळून पत्र्यावर मांडी, आणि लांब दांड्यानें तो पत्रा आंत लोटी. आपल्या नांवाचा पत्रा बाहेर येईपर्यंत आम्ही मुलें तेथून हलत नसूं. तुपांत साखर फेसतांना साखरेचे कण हवेचे बारीक बारीक कप्पे तयार करतात आणि त्यांवरच नानकटाईची खुसखुशी अवलंबून असते, हें पुष्कळ वर्षांनीं वाचलें. त्या कारागिराच्या तळहाताला तें वाचल्यावांचून ठाऊक होतें.

परंतु भट्टी ही पूर्णपणें परकी विद्या आहे, असेंहि म्हणवत नाहीं. आमच्या भागांत आणि पलीकडे वाशीम-अकोल्याकडे रोडगे करतात. एकनाथांच्या भारुडांतली ती सासुरवाशीण भवानीला ज्याचा नवस बोलते, तोच हा रोडगा. कणकेच्या लहान पाऱ्या तेल लावून एकावर एक रचावयाच्या, बाहेरून आणखी एक पारी लपेटून गोळा बंद करावयाचा. शेतांत गोवऱ्यांचा ढीग पेटवावयाचा, धूर सरून निखारा झाला कीं त्यांत गोळे ठेवून वरूनहि निखारा आणि राख ओढावयाची. वर आंच, खालीं आंच, मध्यें गोळा, आणि पाहण्याची सोय नाहीं! फडक्यानें राख झटकून रोडगा फोडला कीं आंतून पदर सुटतात. त्यावर तूप, शेजारीं वरण आणि वांग्याची भाजी. विजेच्या पेटींत आणि या राखेच्या ढिगांत तत्त्वाचा भेद मला तरी दिसत नाहीं. पहिला पाव भट्टींत गेला तेव्हां आई म्हणाली, "रोडग्यावानीच की गं हे," आणि त्या क्षणापासून पावाचें परकेपण आमच्या घरापुरतें संपलें.

शिकण्याच्या पहिल्या महिन्यांत मीं वजनकांटा आणला. पुस्तकांतल्या 'एक कप मैद्या'वर भरंवसा ठेवतां येत नाहीं. चाळून हलकेच भरलेला कप १२० ग्रॅमच्या आंत राहतो आणि दाबून भरला तर १४० वर जातो. पाववाल्यांची रीति याहून सुबक आहे. पिठाला शंभर धरावयाचें आणि बाकीचें सर्व त्या प्रमाणांत सांगावयाचें. ५०० ग्रॅम पीठ, ३२० पाणी, १० मीठ, ५ सुकें यीस्ट. म्हणजे पाणी चौसष्ट, मीठ दोन, यीस्ट एक. मळण्यानें पिठांतल्या प्रथिनांचें जाळें बनतें आणि यीस्टनें सोडलेला वायु त्या जाळ्यांत अडकतो. म्हणून पावाचें पीठ हात दुखेपर्यंत मळावें, आणि केकचें मिश्रण मात्र जेमतेम ढवळून सोडून द्यावें. थंड मुलखांतलीं पुस्तकें पीठ फुगण्यासाठीं उबदार जागा शोधावयास सांगतात. आमच्याकडे मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतां गार जागा शोधावी लागते. दोन तासांचें काम पाऊण तासांत उरकतें आणि पावाला आंबूस वास येतो. तेव्हां उन्हाळ्यांत आमचें पीठ माठाशेजारीं ओल्या फडक्याखालीं बसतें.

केकच्या वेळीं आईनें माझी शिकवणी घेतली. अंड्यावांचून रंग फिका येतो म्हणून मैद्यांत चिमूटभर हळद घातली होती. खायचा सोडा मिसळून पाणी शिंपडतांच पिठावर तांबडे ठिपके उमटले. "कुंकू झालं," आई शांतपणें म्हणाली. हळदीला क्षाराचा स्पर्श झाला कीं ती लाल होते. कुंकवाचें कसबहि तेंच. मग दही पडलें, आंबटानें सोड्याला फेस आणला, आणि लाली जाऊन पिंवळा रंग परत आला. रसायनशास्त्राचे किती तास या एका परातींत मावले असते! पुढें केकच्या पोटांत सळई खुपसून ती कोरडी निघते का, तें मी पाहूं लागलें, तर आईला त्याचेंहि नवल नाहीं. वसमतची हळदीची बाजारपेठ आमच्या जिल्ह्यांतली. हळकुंडें कढईंत शिजवितांना शिजलीं कीं नाहीं तें काडी टोचूनच पाहतात.

वजनकांट्याकडे मात्र ती बरेच दिवस संशयानें पाहत होती. तिच्या पिढीनें आधीं शेर-पायली पाहिली. दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. आणि शेरहि गांवागणिक निराळा. १९५६ च्या कायद्यानंतर ग्रॅम आणि किलो आले. या सर्व उलथापालथींत तिच्या हाताचें माप तेंच राहिलें. एके दुपारीं मीं तिला म्हटलें, "आई, एक ओंजळ कणीक या ताटलींत घाल बरं." तिनें घातली. कांट्यावर ९५. दुसरी ओंजळ ९६. तिसरी ९३, चवथी ९६, पांचवी पुन्हां ९५. कंप असलेल्या हातांच्या या ओंजळी! मिठाची एक चिमूट आमच्या कांट्याला कळत नाहीं, म्हणून दहा चिमटी एकत्र केल्या. सात ग्रॅम भरले. पुन्हां दहा, पुन्हां सात.

आपण 'अंदाजपंचे दाहोदरसे' म्हणून ज्याला हिणवितों, तो हा अंदाज. शब्द फारसींतून आला, आणि फारसींत 'अंदाजा' म्हणजे मोजमापच. नवशिक्याच्या हाताला इतिहास नसतो म्हणून त्याला कांटा लागतो. आईच्या हाताला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. अडचण एवढीच कीं हा कांटा बाजारांत मिळत नाहीं, आणि ज्याचा त्याच्याबरोबरच जातो. भाकरीच्या पिठाला उकळतें पाणी किती, रोडग्याच्या कणकेला मोहन किती, नानकटाईला तूप किती, हें तिनें मला कधीं सांगितलें नाहीं. सांगावें तरी कसें? तिला तें शब्दांत ठाऊकच नाहीं. शिवाय मला त्या उंबऱ्याच्या आंत येऊं न देण्याचा निश्चय तिचाच होता, आणि तो तिनें नेटानें पाळला.

त्या दिवसापासून आम्ही एक वही केली आहे. आई ओंजळीनें घालते, मी कांट्यावर पाहतें, आणि आंकडा टिपून ठेवतें. आधीं नानकटाई घेतली. तूप फेसतांना माझे हात कोपरापर्यंत बरबटलेले, आणि आंकडा तर विसरावयाचा नाहीं. आईनें पेन उचललें. "तुझे हात भरलेत. दे, मी लिहिते." चौथीपर्यंतचें तिचें अक्षर मोठें, गोल, प्रत्येक काना निराळा काढलेलें. मैदा २ ओंजळी म्हणजे १९२. तूप १२०. साखर, दळलेली, १००. विलायची. एका ओळीला तिला दोन मिनिटें लागलीं, आणि तेवढा वेळ मी तूप फेशीत उभी होतें.

"किती वेळ ठेवायचं?" तिनें विचारलें.

"१६० अंशांवर अठरा मिनिटं," मीं सांगितलें.

तिनें लिहिलें. मग पेन तसेंच धरून थोडा वेळ बसली, आणि पुढें आपल्या मनानें भर घातली: 'पण वास सुटला की आधीच बघणे.'

रोडग्याचें पान अजून कोरें आहे. त्याला गोवऱ्या हव्यात आणि शेत हवें. पाऊस उघडला कीं जाऊं, असें ठरलें आहे.