आधी सायकल, मग डायनामो

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे प्रवासी विमान सुरू झाले, तेव्हापासून अकोल्याच्या आमच्या भाच्याला विमानाखेरीज दुसरे काही सुचेना. त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी ताईकडे गेलो, तर स्वारी कोपऱ्यात तोंड पाडून बसलेली!

"मामा, आईला सांगू नका हं."

दसऱ्याला मी दिलेल्या पैशांतून त्याने संगणकावरच्या 'डीसीएस वर्ल्ड' या लढाऊ विमानांच्या खेळासाठी मिग-२१ ची मोहीम विकत घेतली होती. २६ सप्टेंबर २०२५ ला हे विमान आपल्या हवाई दलातून निवृत्त झाले; निदान पडद्यावर तरी ते उडवावे, ही हौस. पण मोहीम आली आणि विमानच नाही! विमान वेगळे घ्यावे लागते, हे तिथे लिहिलेले होते. उतावळेपणात ते वाचले कोणी?

मला ओ की ठो कळेना. मग त्याने माझी शिकवणीच घेतली, आणि माझ्या ध्यानात आले, अहो, ही तर नाटक कंपनी! मूळ खेळ म्हणजे नाट्यगृह, ते फुकट. सुखोई-२५टी आणि बिनहत्यारी टीएफ-५१डी हे दोन नट फुकट. कॉकेशस आणि मारियाना बेटे हे दोन पडदेही फुकट. बाकीच्यांना दाम मोजायचे. नवे विमान म्हणजे नवा नट. मिग-२१ च्या कॉकपिटमधली बटणे तर खऱ्यासारखी एकेक दाबता येतात. सीरिया, नॉर्मंडी हे नवे पडदे. मोहीम म्हणजे संहिता, क्रमाने उलगडणारे प्रवेश. शिवाय दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्या-तोफांचा एक संच मिळतो. ती रंगमंचावरची गर्दी, पण काही प्रवेश तिच्यावाचून उभेच राहत नाहीत. आमच्या बाळराजांनी संहिता आणली आणि नटाला विसरले!

रागवायला तोंड उघडले आणि मला माझा डायनामो आठवला. बाराव्या वर्षी दिवाळीच्या पैशांतून मी सायकलचा डायनामो आणला होता. सायकल नव्हतीच! बाबांना सांगायची छाती होईना. वर्षभर तो ट्रंकेत, कपड्यांखाली पडून होता.

भाच्याला घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो आणि ताईला सारे सांगितले, डायनामोसकट. ताई हसू लागली.

"अरे, तो बाबांना तेव्हाच सापडला होता. म्हणून तर पुढच्या दिवाळीला सायकल आली!"

भाच्याने एकदम आशेने माझ्याकडे पाहिले. मी चकलीच्या डब्याकडे पाहू लागलो.