सात दिवसांची शिदोरी

बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंच्याण्णव मीटर हे मॅरेथॉन शर्यतीचे अंतर आता शाळकरी मुलांनाही पाठ असते. 1908 सालच्या लंडन ऑलिंपिकसाठी विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणापर्यंत जो मार्ग आखण्यात आला, त्यातून ते जन्मले आणि 1921 साली जागतिक संघटनेने ते कायमचे मुक्रर केले. परंतु त्या एका सकाळच्या धावेमागे जे आठवडे उभे असतात, त्यांच्याविषयी क्वचितच कोणी लिहिते. शर्यतीचे छायाचित्र दिवाणखान्याच्या भिंतीवर लागते. मंगळवारच्या पहाटेचे छायाचित्र कोणी काढीत नाही. वाचकांपुढे आज आम्ही असाच एक बिनछायाचित्राचा आठवडा मांडणार आहोत.

आम्ही काही खेळाडू नव्हेत. वयाची 52 वर्षे उलटली आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ तीस वर्षे वसई ते चर्चगेट अशा लोकलच्या फेऱ्यांत गेली आहेत. आमच्या वडिलांची अखेरची चार वर्षे अर्धांगवायूने अंथरुणावर गेली. ती चार वर्षे आईने कशी काढली, हे आम्ही जवळून पाहिले आहे. पुढे आमच्या रक्तातील साखर सीमारेषेवर आल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहिला तो आमच्या पत्नीचा चेहरा. आधी चालणे, मग अडखळत धावणे, मग दोन अर्धमॅरेथॉन, असे करीत आम्ही 2004 साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण अंतरासाठी नाव नोंदविले. शर्यत जानेवारीत होती. नोव्हेंबर सरत आला होता आणि आठ आठवडे हाती उरले होते. या आठवड्याच्या रकान्यात 62 किलोमीटर लिहिलेले होते. मुलीने तो तक्ता स्वयंपाकघरातील फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. म्हणजे घरातील कोणालाही आमचा हिशेब तपासता यावा!

आठवड्याचा आरंभ सोमवारी होतो आणि सोमवारच्या रकान्यात एकच शब्द असतो: विश्रांती. नवख्या माणसाला वाटते, हा तर सुट्टीचा दिवस. प्रत्यक्षात हाच दिवस पाळणे अवघड असते. धावताना स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. ती भरून येते आणि स्नायू पूर्वीपेक्षा बळकट होतात, ते आपण थांबतो तेव्हा, विशेषतः झोपेत. धावणे ही केवळ मागणी होय. तिची पूर्तता विश्रांतीत होते. हे शास्त्र आम्हांला मान्य आहे, परंतु पाय ते सहजासहजी मानीत नाहीत. रविवारचा थकवा सोमवारी संध्याकाळपर्यंत ओसरतो आणि शेजारचा तरुण बूट बांधून रस्त्याला लागलेला दिसला की मनात चुळबुळ सुरू होते. त्या चुळबुळीला नकार देणे, हा सोमवारचा सराव.

मंगळवारी 8 किलोमीटर, तेही संथ. किती संथ, तर सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. सोबती नसल्यास आम्ही जपमाळेतील प्रार्थना पुटपुटतो. श्वास न तुटता ती म्हणता आली, की वेग योग्य आहे असे समजावे. या संथ धावण्याचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे न्यूझीलंडचा आर्थर लिडियर्ड. हा गृहस्थ ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करी. त्याने स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून असे मत बनविले, की आधी बेताच्या वेगाने पुष्कळ अंतर धावावे; वेग मागाहून. केवळ 800 मीटर धावणाऱ्या पीटर स्नेललाही तो डोंगरवाटांवरून 22 मैलांच्या रपेटीला पाठवी. लोकांना ते वेडेपण वाटे. 1960 साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी स्नेलने 800 मीटरचे आणि त्याचाच शिष्य मरे हालबर्गने 5000 मीटरचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा टीकाकार गप्प झाले.

आमचा संथपणा पाहून मात्र पापडीच्या नाक्यावरील एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, “काय हो, गाडी चुकली की पोलीस मागे लागलेत?” आम्ही हसून पुढे गेलो. त्यांचा प्रश्न विनोदाचा असला, तरी त्यामागे एक खरी शंका आहे. त्यांच्या पिढीने पहाटे उठून मळ्याला पाणी दिले आहे, भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या डोक्यावरून स्टेशनावर वाहिल्या आहेत. त्यांना घाम गाळण्यासाठी तक्ता लागला नाही. आम्ही खुर्चीत बसून पगार मिळविला, म्हणून आम्हांला तो घाम आता रस्त्यावर जाऊन शोधावा लागतो.

बुधवार वेगाचा. शाळेच्या मैदानाची एक फेरी सुमारे 200 मीटरची आहे. दोन फेऱ्या जोरात, एक फेरी रमत. असे दहा वेळा. आधी आणि नंतर दोन-दोन किलोमीटर अंग सैलावण्यासाठी धरले, की 10 किलोमीटर भरतात. या पद्धतीचे नाव घेतले की चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक आठवतो. 400 मीटरचे तुकडे तो एका दिवसात कित्येकदा धावे. 1952 साली हेलसिंकीला त्याने 5000 आणि 10000 मीटरच्या शर्यती जिंकल्या आणि आयुष्यात पूर्वी कधीही न धावलेली मॅरेथॉनही त्याच आठवड्यात जिंकली. आमच्या दहाव्या तुकड्याला मैदान गरगर फिरू लागले. मैदानाच्या कडेला बसलेल्या दोन शाळकरी मुलांनी उगाचच टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांवर आम्ही शेवटचे पन्नास मीटर काढले, हे कबूल केलेच पाहिजे.

गुरुवारच्या रकान्यात 8 किलोमीटर होते. पहाटे साडेचारला आम्ही बूट हातात घेतले, तोच आईच्या खोलीतून हाक आली. तिला रात्रीपासून ताप होता आणि आता धाप लागली होती. आईचे वय 81. रिक्षा बोलावून आम्ही तिला इस्पितळात नेले. छातीत कफ साठला होता. औषधे सुरू झाली. दुपारपर्यंत तिचा श्वास सावकाश होत गेला. तिच्या उशाशी बसून आम्ही तिच्या छातीची वर-खाली होणारी हालचाल पाहत होतो. एकेक श्वास मोजण्याची सवय आम्हांला धावण्याने लावली. परंतु स्वतःचा श्वास मोजणे वेगळे आणि आईचा वेगळा. संध्याकाळी तिने डोळे उघडून पहिला प्रश्न केला, “आज धावायला गेला नाहीस?” आम्ही म्हणालो, “आज सुट्टी.” ती म्हणाली, “मग उद्या दुप्पट धावशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.”

आईने बरोबर वर्मावर बोट ठेवले. शुक्रवारी आई घरी आली. शुक्रवारच्या रकान्यात 6 किलोमीटर होते आणि गुरुवारचे 8 मनात खुपत होते. दोन्ही मिळून 14, फार नव्हेत. परंतु जाणत्या धावपटूंचा एक नियम आहे, की चुकलेला दिवस चुकला. त्याची परतफेड करू नये. दोन दिवसांचा भार एका दिवसावर टाकला, तर पोटऱ्या, गुडघे आणि टाचा तो निमूट वाहत नाहीत; दुखापतींचा एक मोठा वाटा अशा घाईतून येतो. एक दिवस चुकल्याने कमावलेली ताकद जात नाही. दहा-बारा दिवस खंड पडला तर ती हळूहळू ओसरू लागते. आम्हांला या नियमाच्या वेळी नेहमी अरण्यातील मान्ना आठवतो. इस्राएल लोकांना तो रोजचा रोज वेचावा लागे; ज्यांनी उद्यासाठी म्हणून साठविला, त्यांच्या भांड्यात तो नासला. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचण्याची मुभा होती, तीही विश्रांती पाळता यावी म्हणून! शुक्रवारी आम्ही 6 किलोमीटर धावलो आणि परतलो.

शनिवारी धावणे नाही. रविवारच्या मोठ्या धावेची तयारी. दुपारी भात, संध्याकाळी भात, पाणी भरपूर आणि नऊला झोप. पत्नी ताट वाढताना सहज म्हणाली, “अहो, धावता तुम्ही एकटे, पण दमते सारे घर.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, वस्तुस्थिती होती. आमच्या पहाटे साडेचारच्या गजराने तीही जागी होते. घामाने भिजलेले कपडे धुतले जातात, डब्याच्या वेळा बदलतात, शनिवारच्या लग्नघरातून आम्ही सर्वांआधी उठतो. आठवड्याचे सात तास आम्ही रस्त्यावर असतो. ते सात तास कोणीतरी घरी भरून काढते. छंदाला पैसा किती लागतो हे लोक विचारतात. वेळ कोणाचा लागतो हे विचारीत नाहीत. त्या रात्री असे ठरले, की धावण्याच्या दिवशी परतल्यावर सकाळचा चहा आणि आईची औषधे आमच्याकडे आणि रविवारी आठ वाजता कोणत्याही स्थितीत घरी हजर. कारण साडेआठची मिस्सा सर्वांनी एकत्र करावयाची.

म्हणून रविवारी पावणेचारला आम्ही बाहेर पडलो. गिरीज, निर्मळ, नंदाखाल, आगाशी आणि अर्नाळ्याचा किनारा. जाऊन-येऊन 30 किलोमीटर. रस्त्यात कुत्री आणि दादरच्या बाजाराला निघालेले फुलवाले, एवढीच सोबत. पहिले वीस किलोमीटर देह आपला वाटतो. पुढे तो परका होऊ लागतो, याला कारण आहे. धावताना एका किलोमीटरला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. आमचे वजन 70 किलो. म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला सुमारे 2950. यकृत आणि स्नायू मिळून साखरेचा जो साठा बाळगतात, तो सुमारे 2000 चा. उरलेली गरज चरबीतून भागवावी लागते, आणि माणूस जितका संथ धावेल तितका चरबीचा वाटा वाढतो. जो सुरुवातीला उधळतो, त्याची शिदोरी तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास संपते. मुंबईच्या शर्यतीत तर परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ नेमका दमलेल्या पायांपुढे येतो. रविवारची ही लांब धाव म्हणजे शिदोरी पुरवून खाण्याचे शिक्षण होय.

परतताना निर्मळला मुलगी सायकलवर येऊन थांबली होती. हातात मीठ-लिंबाचे पाणी आणि दोन केळी. शेवटचे आठ किलोमीटर ती सायकल रेटीत सोबत आली आणि वाटेत एक अक्षर बोलली नाही. सात वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही अंगणात होतो. साडेआठला चर्चमध्ये गुडघे टेकताना दोन्ही मांड्यांनी जो निषेध नोंदविला, तो शेजारच्या बाकावरही ऐकू गेला असावा. आई घरीच होती. दुपारी तिला कम्युनियन आणून देण्यात आला.

संत पौलाने करिंथकरांना लिहिताना धावपटूंचे उदाहरण घेतले. करिंथजवळ इस्थमियन खेळ भरत, त्यामुळे तेथील लोकांना ते लगेच उमगले असणार. आम्ही तो उतारा लहानपणापासून ऐकला आणि त्यातील जिंकणाऱ्याचा मुकुट तेवढा लक्षात ठेवला. पौलाने त्याच ठिकाणी संयमाचाही उल्लेख केला आहे, हे आम्हांला धावू लागल्यावर दिसले.

रात्री तक्त्यावर आकडा लिहावयाचा होता. ठरलेले 62, झालेले 54. मुलीने गुरुवारच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून विचारले, “बाबा, इथे शून्य लिहू?” आम्ही म्हणालो, “नको, ‘आजी’ असे लिही.” तिने तसे लिहिले. सोमवारच्या चौकोनात विश्रांती हा शब्द आधीच छापलेला होता.