जोत्याखालचं औषध

मृगाच्या पहिल्या सरीनंतर दिव्याभोवती वाळवीचे पंखवाले किडे जमतात आणि सकाळी ओसरीवर पंखांचा केर पडलेला असतो. ते अंगणातून आले असतील तर घाबरायचं कारण नाही. पण चौकटीच्या फटीतून किंवा भिंतीच्या कडेने ते बाहेर पडताना दिसले, तर वाळवीचं बस्तान घराखाली किंवा घरातच आहे असं समजावं. मग पुढच्या मोसमाची वाट बघू नये.

*

भिंतीवर मातीची बारीक, वाकडीतिकडी रेघ दिसली की आपण केरसुणीने झाडून टाकतो. तसं करू नका. रेघेचा मधलाच इंचभर तुकडा काडीने काढून बघा. आत फिकट पांढऱ्या, मऊ अंगाच्या, आंधळ्या कामकरी वाळव्या धावताना दिसतील. एक-दोन दिवसांनी पुन्हा बघा. तुकडा ओल्या मातीने सांधला गेला असेल, तर वाट चालू आहे.

उघड्या हवेत या किड्याचं अंग सुकतं, म्हणून तो मातीच्या बोगद्यातूनच चढतो आणि ओलाव्यासाठी पुन्हा जमिनीकडे जातो. लाकडाला कितीही तेलपाणी केलं तरी खरा बंदोबस्त मातीत करावा लागतो, तो यासाठी.

*

नव्या बांधकामासाठी भारतीय मानक ६३१३ चा दुसरा भाग आहे. पायाचे खड्डे, पायालगतचा भराव, जोत्यातल्या भरावाचा वरचा थर, भिंत-जमिनीचा सांधा, नळ जिथून आत येतात ती जागा आणि शेवटी घराचा बाहेरचा घेर, या सगळ्या ठिकाणी औषध मुरवायचं. आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ५ लिटर, पायालगतच्या भरावात उभ्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७.५ लिटर. चोपलेल्या भरावात औषध वरच्यावर वाहून जातं, म्हणून आधी सळीने ५० ते ७५ मिलिमीटर खोल भोकं पाडायची. माती ओलीचिंब असेल किंवा पाऊस चालू असेल, तर त्या दिवशी काम बंद.

आता हिशेब करा. दहा बाय दहा फुटांची खोली म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर. नुसत्या जोत्याच्या वरच्या थराला ४६ लिटर द्रावण लागतं. पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपाने दोन खोल्या ‘मारून’ दिल्या, तर वास येतो, बंदोबस्त होत नाही.

*

औषधाचा पट्टा सलग हवा. नंतर प्लंबरने पाइपासाठी चर खणला किंवा भिंतीला लागून कुंडीतली माती, फुलझाडांचा वाफा आला, की पट्टा तुटला. तेवढ्या फटीतून वाळवी आत येते.

*

जुन्या घरात जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे साधारण दर ३०० मिलिमीटरवर १२ मिलिमीटरचं भोक पाडतात, त्यात औषध मुरवून सिमेंटने बुजवतात. चौकटी ठोकून बघाव्यात. पोकळ आवाज आला तर आतलं लाकूड गेलेलं असतं, वर रंगाचा पापुद्रा तेवढा उरतो.

*

एकेकाळी याच कामाला आल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर वापरत. ती मातीत वर्षानुवर्षं टिकत आणि तोच त्यांचा गुण मानला जाई. पुढे कळलं की ती माणसाच्या चरबीतही तशीच साठतात. २००१ च्या स्टॉकहोम करारातल्या पहिल्या बारा रसायनांत ही तिन्ही आहेत, आणि भारतातही त्यांवर बंदी आहे. आज क्लोरपायरिफॉस, बायफेन्थ्रिन, इमिडाक्लोप्रिड वापरतात. बायफेन्थ्रिनचा पट्टा वाळवी टाळते. इमिडाक्लोप्रिड तिला कळत नाही, ती त्यातून जाते आणि मरते. यांतलं एकही निरुपद्रवी नाही. बायफेन्थ्रिन माशांना घातक, इमिडाक्लोप्रिड मधमाश्यांना. क्लोरपायरिफॉसचा घरगुती वापर अमेरिकेत २००० च्या निर्णयानंतर जवळजवळ थांबला. लहान मुलांच्या घरात मी ते घेणार नाही.

*

कोकणात एक जास्तीची काळजी. विहीर घरालगत आणि जमीन सच्छिद्र जांभ्याची. ओतलेलं औषध थेट पाण्यात उतरू शकतं. विहिरीच्या बाजूला ते जमिनीत ओतूच देऊ नये. माती उकरून ताडपत्रीवर घ्यावी, तिथे औषध लावून मुरू द्यावी, मग परत भरावी. किंवा त्या बाजूला आमिषाचे सापळे लावावेत. कंत्राटदार कंटाळा करील. करू द्या, पाणी आपल्याला प्यायचंय.

*

परसातलं, घरापासून दूरचं वारूळ मोडू नका. पालापाचोळा कुजवून माती भुसभुशीत करणारा हाच किडा आहे, आणि पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी त्याच्याच बुरशीच्या बागेतून येते.

*

घर बांधत असाल तर जोतं भरल्यावर, कोबा पडण्याआधी, फवारणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. डबा सीलबंद आहे का, औषधाचं नाव आणि मुदत काय, पाणी किती घातलं, हे बघून लिहून ठेवा. एकदा फरशी बसली की हे तपासता येत नाही.