हळदीबरोबर सांगलीला चला



पौष-माघ उजाडला की आपल्याकडे हळदीची काढणी सुरू होते. शिजवणी, वाळवणी, पॉलिश असे सारे सोपस्कार होतात. मग पोती टेम्पोत चढवून आपण हात झटकतो. हळद सांगलीला जाते आणि आपण पट्टीची वाट पाहत घरी बसतो. यंदा तसे करू नका. हळदीबरोबर तुम्हीही सांगलीला चला आणि घरच्या कारभारणीलाही बरोबर घ्या. का, ते सांगतो.

सांगली हे काही फार जुने शहर नव्हे. 1801 साली पटवर्धनांच्या घराण्यात वाटणी झाली. चिंतामणराव अप्पासाहेब मिरजेहून वेगळे झाले आणि कृष्णाकाठच्या या गावी त्यांनी आपली राजधानी केली. पुढे इथे हळदीची पेठ वाढली. शहराला लागूनच हरिपूर आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात जमिनीखाली खोल पेवे खणून त्यांत हळद साठवीत. वर्षानुवर्षे ठेवली तरी तिला कीड लागत नसे. 2005 च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवे निकामी झाली. आता बहुतेक माल गोदामांत आणि शीतगृहांत राहतो. पण पेठ टिकली आहे. कर्नाटक-तेलंगणातली हळदसुद्धा इथे विक्रीला येते. खरेदीदार, गोदामे आणि हळद दळणारे कारखाने एकाच ठिकाणी असले म्हणजे माल आपोआप तिकडे वळतो. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी उभे राहा. खरेदीदार आपल्या मालाजवळ येतो आणि मूठभर हळकुंडे हातात घेतो. त्यातले एक मोडतो. नीट वाळलेले हळकुंड मोडताना खणखणीत आवाज येतो. ओल राहिली असेल तर येत नाही. मग तो आतला रंग पाहतो. गड्डे आणि कणी हळकुंडात मिसळली आहेत का, हे पाहतो. एवढे सारे क्षणभरात उरकते आणि आपल्या नऊ महिन्यांच्या कष्टाचा भाव ठरतो. तो क्षण आपण पाहायला नको का?

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माझे वडील दर साली हळद पाठवीत, पण स्वतः कधी गेले नाहीत. पट्टी आली आणि भाव कमी दिसला, की अडत्याच्या नावाने बोटे मोडीत. मी कृषी महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा एका साली सुट्टीत मीच पोत्यांबरोबर गेलो. खरेदीदाराने आमचे पोते पाहिले. वर हळकुंडे आणि खाली गड्डे व कणी एकत्र. दुसऱ्या पोत्यातले हळकुंड मोडले, ते मऊ निघाले. तो काही न बोलता पुढच्या ढिगाकडे गेला. शेजारच्या ढिगाला मात्र बोली चढत गेली. दोष अडत्याचा नव्हता, आमचाच होता.

घरी येऊन सांगितले. वडील गप्प बसले. आईने मात्र सारे बारकाईने विचारून घेतले. पुढच्या साली तिने अंगणात तीन ढीग केले: हळकुंडे वेगळी, गड्डे वेगळे, कणी वेगळी. वाळवणही पुरे झाल्याशिवाय पोत्यात भरू दिले नाही. त्या साली भाव चांगला लागला. पट्टी ऐकून आई म्हणाली, “आपली हळद कुठं इकत्यात, मला एकदा दाव की रं.” मी “पुढच्या साली” म्हणालो. मग नोकरी लागली, बदल्या झाल्या आणि ते साल आलेच नाही. तिकडचे शहर तिने पाहिले ते मिरजेच्या दवाखान्यात, शेवटच्या आजारात. हळद शिजवण्यापासून निवडण्यापर्यंत जिचा हात, तिला सौदा कधी दिसला नाही. याची रुखरुख मला अजून आहे.

म्हणून सांगतो, जाल तेव्हा या गोष्टी करा. निवड करूनच माल न्या. वजन आपल्यासमोर होऊ द्या. पट्टीतली हमाली, तोलाई वाचून समजून घ्या आणि पैसे बँकेच्या खात्यातच घ्या. भाव पडला असेल तर घाईने विकू नका. बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. त्या योजनेत गोदामातल्या हळदीवर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. वेळ असेल तर जवळच कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रावर जा. ‘फुले स्वरूपा’ हा वाण तिथलाच. बेणे आणि रोगांविषयी काय विचारायचे ते लिहून न्या.

काम उरकले की कारभारणीला आणि मुलांना घेऊन कृष्णाकाठच्या गणपतीला जा. पावसाळ्यात रेडिओवर ज्याची पाणीपातळी आपण ऐकतो, तो 1929 सालचा आयर्विन पूल मुलांना दाखवा. 2019 साली तिथे पाणी 57 फुटांवर गेले होते, हेही सांगा. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत डोकवा. त्या सतारींचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे शेतकरी पिकवतात. शेतातल्या भोपळ्यातून सूर निघतो, हे पोरांना पाहू द्या. परतताना भडंगाचा पुडा घ्यायला विसरू नका.

शहर म्हणजे केवळ दवाखाना आणि कचेरी नव्हे. आपला माल जिथे विकला जातो ती जागाही आपलीच आहे. यंदा टेम्पो भराल तेव्हा पुढच्या बाकावर तिच्यासाठी जागा ठेवा. “पुढच्या साली” म्हणू नका.