प्रस्थान

पूर्वीच्या काळीं काशीयात्रेस निघावयाचें म्हणजे घरांत मोठी धांदल उडे. देणींघेणीं मिटवावयाचीं, सोयऱ्याधायऱ्यांचा निरोप घ्यावयाचा, आणि मुहूर्तावर प्रत्यक्ष निघणें न साधल्यास हळकुंड-सुपारीची पुरचुंडी शेजाऱ्याच्या घरीं नेऊन ठेवावयाची. यालाच 'प्रस्थान ठेवणें' म्हणत. रेल्वे आली, विमानें आलीं, आणि ही चाल मागें पडली. येत्या जुलै महिन्यांत मोटारसायकलीवरून मनालीहून लेहला जावयाचें ठरल्यापासून मात्र मला त्या पुरचुंडीची वारंवार आठवण होऊं लागली आहे.

वाचकांचा गैरसमज होऊं नये म्हणून प्रथमच सांगतों कीं, वयाच्या ५७ व्या वर्षीं हें धाडस मी एकट्यानें करणार नाहीं. एका प्रवाससंस्थेनें योजिलेल्या बारा जणांच्या तुकडींत माझें नांव आहे. आघाडीला एक वाटाड्या, पिछाडीला दुसरा, आणि त्यांच्या मागून मिस्त्री, सुटे भाग व ऑक्सिजनचीं नळकांडीं घेऊन येणारी एक मोटार, अशी व्यवस्था आहे. मुक्काम, जेवण, पेट्रोल, सारें त्यांच्याकडे. हें ऐकून एक स्नेही हंसून म्हणाले, "मग तुम्हांला तयारी ती कसली करावयाची? बोट धरून चालणाऱ्याला वाटेची काय चिंता!"

माझ्या भाचीनें तर त्यावर कडी केली. १९३४-३५ सालीं थेरेसा वॅलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोन स्त्रिया साइडकार लावलेल्या मोटारसायकलीवरून सहारा ओलांडून लंडनहून केपटाऊनला गेल्या. "त्यांना कोठें होता वाटाड्या?" असें तिनें विचारलें. मीं म्हटलें, "वॅलकबाई यंत्रविद्या शिकलेल्या होत्या. बिघडलेलें इंजिन उघडून दुरुस्त करण्याची कला ज्याच्या बोटांत आहे त्यानें खुशाल एकटें जावें. ज्याच्या नाहीं त्यानें दुसऱ्याचें बोट धरण्यांत कमीपणा मानूं नये." उत्तर तर दिलें, पण स्नेह्यांचा प्रश्न मनांत राहिला. सारें दुसऱ्यानें करावयाचें, तर आपण करावयाचें काय उरतें? चार महिन्यांच्या तयारींत त्याचें जें उत्तर मिळालें तें येथें सांगतों.

पहिली तयारी नकाशाची. रात्रीं जेवणें झाल्यावर आम्ही उभयतां नकाशा पसरून बसूं लागलों. मनालीची उंची सुमारें २,०५० मीटर. तेथून थोडें पुढें गेलें कीं नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा लागतो. हा ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खुला झाला. पूर्वीं रोहतांगची खिंड चढून-उतरून गांठावें लागणारें लाहौल आतां घटकाभरांत येतें. तांदी येथें चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम होतो. चंद्रभागेचें नांव ऐकतांच घरांतील सर्वांचे हात सहज जोडले गेले. परंतु ही पंढरीची नव्हे. हीच पुढें चिनाब होते, वेदांतील असिक्नी. मग केलाँग, जिस्पा, आणि सुमारें ४,९०० मीटरांवरची बारालाचा ला. 'ला' म्हणजे तिकडील भाषेंत खिंड. तिच्या पलीकडे सरचूचें उजाड पठार, गाटा येथील एकवीस वळणें, नकी ला आणि लाचुंग ला या दोन खिंडी, पांग, मोरेचें विस्तीर्ण मैदान, आणि शेवटीं ५,३२८ मीटरांची तांगलांग ला. ती उतरल्यावर उपशी येथें सिंधु भेटते, आणि तिच्या कांठानें लेह गांठावयाचें. वाटेंतले बर्फाचे नाले सकाळीं सौम्य असतात. ऊन चढून बर्फ वितळूं लागलें कीं दुपारीं तेच फुगतात. म्हणून वाटाड्या पहाटे उठा म्हणेल तेव्हां उठावें, हा पहिला धडा नकाशानेंच दिला.

दुसरी तयारी शरीराची. आमच्या डॉक्टरांनीं रक्तदाब पाहिला, हृदयाचा आलेख काढविला. दर रविवारीं सिंहगड चढण्याचा माझा क्रम ऐकून ते म्हणाले, "अवश्य चढा, पण त्यामुळें विरळ हवा बाधणार नाहीं असें मानूं नका." तांगलांगच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकांठच्या जवळजवळ निम्मा असतो, तेथें इंजिनाला देखील धाप लागते. दंडांतील बळाचा या बाधेशीं संबंध नाहीं. उलट धट्टाकट्टा मनुष्य घाईनें वर चढतो आणि त्यानेंच आजारी पडतो. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची दिवसाला पांचशें मीटरांहून अधिक वाढवूं नये, असा वैद्यकाचा दंडक आहे.

कार्यक्रमपत्रिका वाचतां वाचतां डॉक्टरांनीं एका ओळीवर बोट ठेविलें. एके रात्रीं जिस्पा, सुमारें ३,२०० मीटर. दुसरे रात्रीं सरचू, सुमारें ४,३०० मीटर. एका दिवसांत अकराशें मीटर! "आणि जागा कशी आहे ती पाहा," ते म्हणाले. "सरचूला रात्रीं त्रास वाढला तर मागें बारालाचा, पुढें लाचुंग. खालीं उतरावयाचें तरी आधीं वर चढावें लागणार. परत फिरण्याचा विचार करावयाचा तो जिस्पाला." ही शंका मीं संस्थेला कळविली. त्यांनीं जिस्पाचा मुक्काम दोन रात्रींचा केला, आणि तेथें ज्याचें डोकें दुखत असेल त्याला बरें वाटेपर्यंत पुढें नेणार नाहीं, असें लिहून पाठविलें. डॉक्टरांनीं ॲसिटाझोलामाइड नांवाची गोळीहि लिहून दिली आहे. ती कोणीं आपल्या मनानें घेऊं नये. सल्फा औषधें ज्यांना सोसत नाहींत त्यांनीं तर विचारल्यावांचून मुळींच नाहीं. शिवाय गोळी घेतली म्हणजे वरील नियम मोडावयास मोकळीक मिळाली, असेंहि नव्हे.

तिसरी तयारी हातापायांची. कॉलेजांत असल्यापासून मी फटफटी चालवितों, त्यामुळें शिकावयाचें कांहीं उरलें नाहीं अशी माझी समजूत होती. एका पंचविशींतल्या शिक्षकानें ती पहिल्याच सकाळीं उतरविली. मोकळ्या मैदानावर त्यानें दोनशें किलोंची गाडी आडवी केली आणि म्हणाला, "काका, उचला." मीं वांकून जोर लावला, गाडी हलली नाहीं, कंबर मात्र हलली. मग त्यानें दाखविलें कीं गाडीकडे पाठ करावी, गुडघे वांकवून एका हातानें हँडल व दुसऱ्यानें मागची कड धरावी, आणि पायांच्या बळावर मागें सरकत उठावें. खडींत पायदाणांवर उभें राहावें, हात सैल ठेवावे, नजर चाकापाशीं न ठेवतां दूर ठेवावी, पुढचा ब्रेक जपून वापरावा. हें सारें मीं मान डोलावून ऐकलें. अंगीं मात्र बाणलें नव्हतें.

कारण पुढच्याच आठवड्यांत, ताम्हिणी घाटांत, वळणावर खडी दिसतांच मीं घाबरून पुढचा ब्रेक दाबला. चाक घसरलें आणि मी आडवा झालों. क्लचचा दांडा मोडला, गुडघा सोलवटला. त्याहून अधिक कांहीं नाहीं. घरीं येऊन मीं सांगितलें कीं गाडी दुरुस्तीला टाकली, म्हणून उशीर झाला. पत्नीनें दोन दिवस मला जिना चढतांना पाहिलें. तिसऱ्या रात्रीं नकाशा पसरल्यावर ती म्हणाली, "अहो, पडलांत याचा मला राग नाहीं. लपविलेंत याचा आहे. जिस्पाला डोकें दुखूं लागलें तर त्या वाटाड्याला तुम्ही सांगाल का? कीं बारा जणांत आपणच मागें राहूं या लाजेनें तेथेंहि 'कांहीं नाहीं' म्हणाल?"

मजजवळ उत्तर नव्हतें. गुडघ्याची गोष्ट घरांतल्या माणसापासून चोरणारा मनुष्य परक्यांच्या तुकडींत काय सांगणार, हा तिचा प्रश्न रास्तच होता. वाटाड्या वाट दाखवील, मिस्त्री चाक बदलील, मोटार ओझें वाहील. परंतु आज झोंप लागली नाहीं, मळमळतें आहे, पाऊल अडखळतें आहे, हें ज्याचें त्यानेंच बोललें पाहिजे. विरळ हवेचा आजार फुफ्फुसांत किंवा मेंदूंत शिरला तर कांहीं तासांत माणूस हातचा जातो, आणि तेथें पहिला उपाय खालीं उतरणें हाच. स्नेह्यांच्या प्रश्नाचें उत्तर मला येथें सांपडलें. बोट धरणाऱ्यानेंहि आपली तोंडपाटिलकी घरीं ठेवावी आणि खरें बोलण्याची संवय बरोबर घ्यावी. ही तयारी कोणतीहि संस्था आपल्यासाठीं करूं शकत नाहीं.

बाकीचें सामान थोडकें आहे. अंगालगत सुती कपड्यांऐवजीं लोकरीचे, कारण ओलें सूत थंडींत वैरी होतें. त्यावर दोन थर, आणि सर्वांवर पाणी न शिरणारा अंगरखा. हातमोज्यांचे दोन जोड, घोटा झांकणारे बूट, चष्मा जादा, बेतांत बसणारें प्रमाणित हेल्मेट. विम्याच्या कागदांत किती उंचीपर्यंत जबाबदारी घेतली आहे तें मात्र बारीक अक्षरांसह वाचून घेतलें.

परवां पत्नीनें माझ्या पिशवींत एक लहानशी वही ठेविली. तिनें स्वतःच्या हातानें रकाने आंखले आहेत: डोकेंदुखी, भूक, झोंप, पाणी किती प्यालें. रोज रात्रीं भरावयाची आणि वाटाड्याला दाखवावयाची, अशी अट आहे. वही कोरीच न्यावी असें मला वाटेना. पहिल्या पानावर तारीख घालून मीं लिहिलें: "ताम्हिणी. खडींत पडलों. उजवा गुडघा. चूक माझी." तिनें तें वाचलें, कांहीं बोलली नाहीं, आणि वही पुन्हां जागेवर ठेवून दिली.

मुहूर्त अद्याप दूर आहे. पण माझें प्रस्थान ठेवून झालें.