साकव, निनावी पत्र आणि डोंगरीचे १०१ दिवस

आजच्या मालिकेची सुरुवात एका कबुलीने करतो.

खेडच्या एका साप्ताहिकात मी पूर्वी उपहासाचे सदर लिहीत असे. एकदा कागदावरच बांधलेल्या आणि कागदावरच वाहून गेलेल्या साकवाची भरपूर थट्टा केली. ती सर्वांनी पचवली. पण शेवटी एका निनावी पत्रातला लाचेचा आरोप मी शहानिशा न करता, नावानिशी उतरवला होता. आठवड्याभरात वकिलाची नोटीस दारात आली. त्या रात्री मी १८८२ चा कोल्हापूर खटला प्रथमच नीट वाचला.

छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, असे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ लिहीत होते. रोख कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर होता. बर्व्यांची म्हणून पत्रे हाती आली, त्यांवर विसंबून मजकूर छापला गेला आणि ती पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी १७ जुलै रोजी चार महिन्यांची शिक्षा झाली. आमच्या शेजारच्या दापोली तालुक्यातील चिखलगावचे टिळक त्या दिवशी सव्वीस वर्षांचेही नव्हते. (जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे त्यांना जामीन राहिले होते, हे आपण फार लवकर विसरतो.) १०१ दिवसांनी दोघे डोंगरीच्या तुरुंगातून सुटले.

१८६० च्या दंडसंहितेचे कलम ४९९ मताला मोकळीक देते. लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावाने दिलेले मत बदनामी ठरत नाही. अडते ते ‘सद्भाव’ या शब्दापाशी. कलम ५२ प्रमाणे, योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाने केली असे म्हणता येत नाही; हेतू कितीही शुद्ध असो. २०२४ पासून बदनामीचा हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, गाभा तोच.

बर्व्यांविषयीही मला वाईट वाटते. न लिहिलेल्या पत्रांचा डाग पुसायला माणूस न्यायालयात जाणारच. परंतु पुढल्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. संपादकांची काळजी खरी होती, कागद खोटे होते.

माझी माफी स्वीकारली गेली. ती पहिल्या पानावर छापावी, असा आग्रह मीच धरला. साकव अजून झालेला नाही.