अकलोलीचीं कुंडें

वज्रेश्वरीचें दर्शन घेऊन गणेशपुरीस निघालेला यात्रेकरू वाटेंत अकलोलीस थांबतोच. तानसेच्या कांठीं येथें ऊन पाण्याचीं कुंडें आहेत. तशींच गणेशपुरीसही आहेत. मुखें निराळीं, उष्णता भूमीच्या पोटांतलीच. यंदा धाकट्या बंधूंसह आम्ही तेथें गेलों.

गणेशपुरीस १९६१ सालीं नित्यानंदांनीं देह ठेवला. त्यांचे शिष्य मुक्तानंद यांचा आश्रमही तेथेंच आहे. मुक्तानंदांनीं आपली गादी एका बहीणभावांस मिळून दिली व १९८२ सालीं ते निवर्तले. १९८५ सालीं भाऊ गादीवरून दूर झाले आणि १९८७ मध्यें त्यांनीं 'शांति मंदिर' ही वेगळी संस्था स्थापिली. गुरु एक, शाखा दोन.

उत्तर अमेरिकेंत हुटराइट नांवाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. त्यांची मालमत्ता समाईक, भोजन एकत्र. वस्ती दीडशेंच्या सुमारास पोंचली कीं नवी जमीन घेऊन, घरें बांधून, निम्मीं कुटुंबें तिकडे पाठवितात. वाटणी भांडणाआधींच ठरलेली! तरीही त्यांच्या तीन शाखांपैकीं लोहाराच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या शाखेंत १९९२ सालीं फूट पडलीच.

आमच्या घरीं बारा वर्षांपूर्वीं चुली दोन झाल्या, त्या भांडूनच. कुंडाच्या ओल्या पायऱ्या उतरतांना बंधूंनीं हात पुढें केला. आम्ही तो धरला. चुली पुन्हा एक होणार नाहींत, हें दोघांसही ठाऊक होतें. तथापि यंदा मातोश्रींचें श्राद्ध एकाच घरीं करावयाचें, इतकें तेथें ठरलें.